कचरा डेपोचा धूर कोणाच्या खात्यात?

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे आणि ते भूषणाने सांगावे असे नाही. ज्या शहरांची हवा सलग काही वर्षे केंद्रीय निकषांत बसली नाही, ती शहरे निवडून केंद्र सरकारने २०१९ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. हवेतील धूलिकण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटवायचे हे त्याचे मूळ उद्दिष्ट होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवले गेले. त्यानिमित्ताने शहरात रस्त्यावरची धूळ, वाहने, बांधकामे आणि झाडलोट यांची चर्चा होते. ती व्हायलाही हवी. मात्र तुळजापूर रस्त्यावरचा भोगावचा कचरा डेपो या चर्चेत आला तर ओझरता येतो. डेपोवरचा कचरा घनकचरा विभागाचा, तिथली आग अग्निशामक दलाची आणि दुर्गंधी शेजारच्या गावाची, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. हवेचे खाते या वाटणीत कुठेच नाही. माझे म्हणणे असे की कचरा डेपो हा आधी हवेचा प्रश्न आहे आणि शहराच्या हवेचा हिशेब त्याला वगळून मांडला जातो तोवर तो हिशेब खोटा राहणार.

ढिगात नेमके काय घडते, ते प्रथम पाहू. घरातून, खानावळीतून आणि मंडईतून येणारा ओला कचरा उघड्यावर पसरला असता तर तो कुजून त्याचे बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि खत झाले असते. पण डेपोवर गाडीवर गाडी रिकामी होते, वरचा थर खालच्या थराला दाबतो आणि काही आठवड्यांतच आतला प्राणवायू संपतो. त्यानंतर तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते आधी पिष्टमय आणि प्रथिनयुक्त पदार्थांचे आम्लांत रूपांतर करतात आणि त्या आम्लांपासून पुढे मिथेन तयार होतो. जुन्या, स्थिरावलेल्या ढिगातून निघणाऱ्या वायूत निम्मा मिथेन आणि जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. उरलेला अंश एक टक्क्याच्या आत-बाहेर असला तरी नाकाला आणि फुप्फुसाला जाणवतो तो तोच, कारण त्यात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि बेंझिन-टोल्युइनसारखे बाष्पशील सेंद्रिय पदार्थ असतात. आज टाकलेला कचरा असा वायू पुढची दहा-वीस वर्षे सोडत राहतो. त्यामुळे डेपोवर नवी गाडी येणे बंद झाले की प्रदूषणही थांबले, ही समजूत निराधार आहे.

सोलापूरचे हवामान या सगळ्याला आपली भर घालते. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या वर जाणारा पारा, अशा प्रदेशात ढिगाचा वरचा थर पार वाळून जातो, तर आत पावसाळ्याचे पाणी आणि ओल्या कचऱ्याचा ओलावा टिकून राहतो. म्हणजे खाली मिथेन तयार करणारी भट्टी आणि वर प्लास्टिक, कागद, चिंध्या यांचे कोरडे सरपण. या सरपणात शहराच्या उद्योगांचा स्वतःचा वाटा आहे. चादरी, टॉवेल आणि गणवेश यांच्या कारखान्यांतून निघणाऱ्या कातरणांत आता सुतासोबत पॉलिस्टरही मोठ्या प्रमाणात असते. घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या अंगणांतून तेंदूपानांची छाट निघते. यातले जे पुन्हा वापरात जात नाही, ते अखेर घंटागाडीतच येते.

हवेत मिथेनचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तो ठिणगीने पेट घेतो. उन्हाळ्यात डेपोला आग लागल्याची बातमी आली की ती कोणी लावली याचा शोध सुरू होतो आणि बहुतेक वेळा बोट तारेतले तांबे काढण्यासाठी रबर जाळणाऱ्या एखाद्या भंगारवेचकाकडे जाते. काही वेळा ते खरेही असेल. पण आतून तापलेला, वायूने भरलेला आणि वरून वाळलेला ढीग वर्षभर तयार ठेवायचा आणि मग काडी कोणाची हे विचारायचे, याला काही अर्थ नाही. काडी आज ना उद्या कोणाची तरी पडणारच. काचेचा तुकडा, विडीचे थोटूक, फेकून दिलेली बॅटरी यांपैकी काहीही पुरते.

ही आग शेतातल्या पाचटाच्या आगीसारखी नसते. पाचट भडकते आणि विझते. कचऱ्याचा ढीग आत धुमसत राहतो. अपुऱ्या प्राणवायूत आणि मध्यम तापमानाला होणाऱ्या या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड आणि काजळीचे अतिसूक्ष्म कण भरपूर निघतात. त्यातच पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असले की डायऑक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायने तयार होण्यास अगदी अनुकूल परिस्थिती मिळते. हे पदार्थ चरबीत विरघळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. धुराबरोबर ते चाऱ्यावर बसतात आणि चाऱ्यातून दुधात उतरतात. त्यामुळे डेपोच्या आसपास जनावरे राखणाऱ्याचा प्रश्न आग लागली त्या दिवसाच्या खोकल्यापुरता राहत नाही. बंबाने वरून कितीही पाणी मारले तरी ते आतल्या निखाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. वरचा थर भिजतो, वाफ आणि काळे झिरपपाणी निघते आणि चार दिवसांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा धूर दिसतो. अशा आगीवर खरा उपाय म्हणजे तो भाग उकरून पसरणे आणि मातीने झाकून हवा तोडणे. त्यासाठी बंबापेक्षा जेसीबी, माती आणि जाणकार माणूस जवळ असावा लागतो.

असे प्रसंग देशाने पाहिले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरमचा ढीग पेटला, तो विझायला जवळपास दोन आठवडे गेले आणि राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या महापालिकेला शंभर कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. पुण्याच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी, तसेच औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) नारेगावने डेपोविरुद्ध केलेली आंदोलने महाराष्ट्राच्या लक्षात आहेत. सोलापूर यातल्या बहुतेक शहरांहून लहान आहे, हे खरे. पण ढिगातले रसायनशास्त्र लोकसंख्या पाहून बदलत नाही.

आगीचा धूर निदान दिसतो. आग नसतानाच्या तीनशे दिवसांत जे वर जाते ते दिसत नाही आणि मोजलेही जात नाही, ही मला अधिक गंभीर बाब वाटते. आपल्या हवेचा निर्देशांक आठ घटकांवर ठरतो: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. त्यात मिथेन नाही आणि हायड्रोजन सल्फाइडही नाही. म्हणजे डेपोतून सर्वाधिक निघणारा ज्वलनशील वायू आणि सर्वाधिक त्रास देणारा दुर्गंधी वायू हे दोन्ही निर्देशांकाच्या चौकटीबाहेर राहतात. मोबाइलवर ‘समाधानकारक’ असा हिरवा रंग दिसत असताना डेपोलगतच्या वस्तीत माणसे नाकाला पदर लावून बसलेली असू शकतात आणि तरीही दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतात.

मिथेन विषारी नाही, मग त्याला हवेचे प्रदूषण का म्हणावे, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर दोन पातळ्यांवर आहे. वीस वर्षांच्या मुदतीत पाहिले तर वातावरण तापवण्याची मिथेनची ताकद तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या साथीने मिथेन आणि इतर बाष्पशील पदार्थ जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. यांपैकी बाष्पशील पदार्थ हे काम काही तासांत आणि जवळपासच करतात. मिथेनचा परिणाम संथ असतो, पण तो सगळ्या प्रदेशाच्या ओझोनची पातळी वर नेतो. सोलापूरला सूर्यप्रकाशाची वाण नाही आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पुरवायला शहरातून जाणारे महामार्ग आहेत. हा ओझोन दम्याच्या रुग्णाला त्रास देतो आणि उभ्या पिकालाही इजा करतो.

वाऱ्याची दिशाही विचारात घ्यावी लागेल. तुळजापूर रस्ता शहरातून उत्तर-ईशान्येकडे जातो आणि दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातले वारे पुष्कळदा पूर्व-ईशान्येकडून येतात. त्याच ऋतूत निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकून पडते आणि धूर, वास, वायू वर जाण्याऐवजी आडवे पसरतात. उन्हाळी दुपारी जो धूर उंच जाऊन विरून जातो, तोच डिसेंबरच्या पहाटे वस्तीत येऊन थांबतो. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी निघणाऱ्या हजारो भाविकांना या रस्त्यावरच्या हवेची ओळख रात्रीच्या त्याच वेळी होते. ते एका रात्रीत पुढे निघून जातात. तिथे राहणारे आणि डेपोवर काम करणारे कामगार मात्र वर्षभर तीच हवा घेतात.

एक गोष्ट ओघात सांगतो. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. त्याआधी कित्येक वर्षे या चिमणीवर मोर्चे, सभा, न्यायालये आणि वर्तमानपत्रांचे रकाने यांत रण माजले होते. बाजू कोणाचीही असो, एका चिमणीवर सगळे शहर बोलले. कचऱ्याच्या डेपोला चिमणीच नाही. त्याचा धूर एका तोंडातून निघत नाही, म्हणून त्याला मालक नाही, परवाना नाही आणि वादही नाही. उंच चिमणीतून निघणारा धूर निदान वर जाऊन विरळ होतो, त्यावर मापनयंत्र बसवता येते आणि मर्यादा ओलांडली तर नोटीस देता येते. डेपोचा धूर मात्र माणसाच्या उंचीवरच निघतो.

नियम नाहीत असे नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार भरावभूमीवर, म्हणजे कचरा कायमचा भरून ठेवण्याच्या जागी, फक्त असा कचरा जायला हवा, जो कुजत नाही, पुन्हा वापरता येत नाही आणि जाळून ऊर्जाही देत नाही. ओला कचरा तिथे जाणे हाच मुळात नियमभंग आहे. भरावभूमीच्या परिसरात मिथेनचे प्रमाण स्फोटक मर्यादेच्या पाव भागाहून, म्हणजे सुमारे सव्वा टक्क्याहून अधिक असू नये, हेही ठरलेले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या प्रकरणी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपयांची भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात पालापाचोळा पेटवणाऱ्या एखाद्या रहिवाशाला पावती फाडून दिली जाते. शेकडो टनांचा ढीग पेटतो तेव्हा पावती कोणाच्या नावाने फाडायची, हे कोणी सांगत नाही. २००० सालच्या जुन्या नियमावलीत एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांनी भरावभूमीवरची हवा वर्षातून दोनदा तपासावी, असे म्हटले होते. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांच्या सोलापूरला तो निकष लागू पडत होता. वर्षातल्या दोन दिवसांच्या नोंदींवरून डेपोच्या हवेविषयी काय कळणार?

आता प्रतिवाद. रस्त्यावरची धूळ आणि वाहने यांचा वाटा डेपोपेक्षा कितीतरी मोठा आहे, मग मर्यादित पैसा तिकडे खर्च व्हायला नको का? वजनाने पाहिले तर धूळ मोठी आहे, हे मला मान्य आहे. पण शुद्ध हवा कार्यक्रमाच्या खर्चाचा ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२४ मध्ये जो आढावा घेतला, त्यात देशभरातला ६४ टक्के खर्च रस्त्यांच्या धुळीवरच झाल्याचे आढळले. ज्वलनातून निघणाऱ्या प्रदूषणाला त्या मानाने फारच थोडे मिळाले. झाडण्याची यंत्रे आणि पाण्याचे फवारे विकत घेणे सोपे असते, त्यांचे उद्घाटनही करता येते. धूळ बरीचशी जाड कणांची असते. ज्वलनातले कण अतिसूक्ष्म असतात, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि सोबत विषारी पदार्थ नेतात. शिवाय धुळीचे उगम शहरभर विखुरलेले आहेत, तर डेपो एका जागी आहे, महापालिकेच्या ताब्यात आहे आणि त्याच्यावर नियंत्रण आणायला कोणा नागरिकाचे वाहन बंद करावे लागत नाही. ज्या उगमावर शासनाचा पूर्ण ताबा आहे, तो शेवटी हाताळायचा, हा क्रम मला पटत नाही.

दुसरा प्रतिवाद अधिक आशावादी आहे: जुना ढीग बायोमायनिंगने हटवला की प्रश्न संपेल. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यापासून अनेक शहरांत हे काम चालू आहे आणि ते आवश्यकही आहे. जुना कचरा उकरून त्याचे लांबट ढीग लावायचे, जिवाणूंचे द्रावण फवारून त्यांना उलथापालथ द्यायची आणि मग चाळणीतून माती, दगड, प्लास्टिक वेगळे काढायचे, अशी ही पद्धत. पण उकरताना आतला वायू आणि धूळ बाहेर पडते, म्हणून हे काम वाऱ्याची दिशा, पाणी मारणे आणि वस्तीपासूनचे अंतर सांभाळून करावे लागते. चाळून निघालेले प्लास्टिक, कापड यांचे ज्वलनशील मिश्रण सिमेंटच्या भट्टीत जाळता येते आणि कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी, मळखेड, सेडमचे सिमेंट कारखाने सोलापूरपासून फार दूर नाहीत. मात्र हा माल मातीने माखलेला असला तर भट्टीवाले तो घेत नाहीत आणि उचल झाली नाही तर तोच पुन्हा डेपोवर पडून आगीचे नवे निमित्त होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका बाजूने जुना ढीग उकरायचा आणि दुसऱ्या बाजूने मिश्र कचऱ्याचा नवा ढीग घालायचा, यात फायदा होतो तो फक्त कंत्राटाचा.

म्हणून सगळे येऊन थांबते ते ओल्या कचऱ्यावर. मिथेन ढिगात तयार झाला तर प्रदूषण आणि बंद टाकीत तयार झाला तर इंधन. सोलापूरला हे नव्याने शिकवावे लागू नये, कारण तुळजापूर रस्त्यावर रोज ४०० टन क्षमतेचा, कचऱ्यातून बायोगॅस आणि त्यातून सुमारे तीन मेगावॉट वीज काढण्याचा प्रकल्प गेल्या दशकातच उभा राहिला आणि देशातल्या अशा सुरुवातीच्या मोठ्या प्रकल्पांत त्याचे नाव घेतले गेले. अशा टाक्यांचे दुखणे सगळीकडे सारखेच असते: कचरा मिश्र आला तर त्यातली माती तळाशी साठते, प्लास्टिक आणि चिंध्या यंत्रांत गुंडाळतात, काच पंपाची पाती खाते. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी काढण्याच्या क्षमतेचा आहे. तो शक्य झाला तो यंत्रामुळे कमी आणि घराच्या दारात ओला-सुका वेगळा घेण्याच्या शिस्तीमुळे जास्त. त्याच प्रमाणाने ढोबळ हिशेब करून पाहू. सोलापुरात डोई साडेतीनशे ग्रॅम कचरा धरला तर रोज तीनशे टनांच्या वर कचरा होतो. त्यातला निम्मा ओला मानला तर दीडशे टनांतून साडेचार हजार किलोच्या आसपास वायू मिळायला हवा. वजनाने तो घरगुती गॅसच्या तीनशेहून अधिक सिलिंडरांइतका होतो. ओला कचरा डेपोवर टाकून आपण हे इंधन रोज हळूहळू आकाशात सोडत असतो.

घराघरांत वर्गीकरण व्हायला वेळ लागेल. ते खरे आहे आणि लोकांच्या नावाने बोटे मोडण्यात हशील नाही. ज्या घराने ओला-सुका वेगळा ठेवला, त्याच्यादेखत घंटागाडीवाला दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात उलट्या करत असेल, तर त्या घराने दुसऱ्या दिवशी तसे का करावे? म्हणून सुरुवात मोठ्या उत्पादकांपासून व्हायला हवी. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना नियमांनी वेगळे ओळखले आहेच. हॉटेले, मंगल कार्यालये, वसतिगृहे, भाजी मंडया त्यात येतात. या सगळ्यांत सोलापूरचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित ठिकाण म्हणजे मार्केट यार्ड. डिसेंबर-जानेवारीत सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची आवक शेकडो ट्रकांच्या घरात जाते. लिलावानंतर उरणारी पात, साल आणि भिजलेला, नासका कांदा यांचा ढीग लागतो. कांद्यात गंधकाची संयुगे भरपूर असतात, म्हणून तो मिश्र ढिगात दडपला की हायड्रोजन सल्फाइडचा वास उग्र होतो. पण हाच कचरा बायोगॅसच्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण तो एका जागी, ठराविक हंगामात, प्लास्टिकविना आणि मोठ्या प्रमाणात मिळतो. गंधकाचा वायू गाळणीने काढून टाकता येतो. हा कांद्याचा कचरा शहरातल्या गाडीत मिसळू न देता थेट टाकीकडे नेण्याची व्यवस्था करणे ही साडेनऊ लाख लोकांच्या सवयी बदलण्याइतकी अवघड गोष्ट नाही. त्यासाठी बाजार समिती, आडते आणि महापालिका यांच्यात एक करार आणि काही स्वतंत्र गाड्या लागतील.

डेपोपुरते बोलायचे तर मागण्या साध्या आहेत. नवा कचरा लहान कप्प्यांत टाकावा आणि रोज संध्याकाळी किमान दहा सेंटिमीटर मातीने किंवा बांधकामाच्या बारीक राडारोड्याने झाकावा. हे नियमांत आहेच. जुन्या ढिगात तापमान मोजणाऱ्या नळ्या आणि वायू बाहेर काढणारे पाइप बसवावेत, म्हणजे धूर दिसण्याआधीच कुठला भाग तापतो आहे ते कळेल. मार्च ते जूनपर्यंत माती आणि जेसीबी डेपोवरच ठेवावा. डेपोच्या कडेला आणि वस्तीच्या बाजूला धूलिकण, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन यांची सतत नोंद घेणारी यंत्रे लावून ती आकडेवारी लोकांसमोर उघडी ठेवावी. प्रत्येक आगीची नोंद अग्निशामक दलाच्या वहीबरोबरच शहराच्या शुद्ध हवा आराखड्याच्या वार्षिक अहवालातही व्हावी आणि किती तास धूर होता, तो कुठल्या दिशेने गेला, हे त्यात लिहावे. मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्वेनोस आइरेस या शहरांच्या भरावभूमींतून किती मिथेन निघतो, हे संशोधकांनी २०२२ मध्ये उपग्रहांच्या साहाय्याने मोजून दाखवले. अवकाशातून जे दिसते ते डेपोच्या फाटकापाशी उभे राहून मोजणे अशक्य नाही. ही यंत्रे कांद्याचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरअखेर बसली, तर जमिनीलगतची हवा अडकून पडते अशा थंडीतल्या पहिल्याच रात्रींची नोंद हाती येईल आणि पुढच्या आराखड्यात डेपोला किती वाटा द्यायचा, याचा वाद तरी आकड्यांवर होईल.